दोघांचा तंबू

आमची काकू तंबू शिवते. गल्लीच्या टोकाला तिचं दुकान आहे. आत जाड कापडाचे गठ्ठे, एक दणकट मशीन आणि सगळीकडे मेणाचा वास. तिच्या शिवणीला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही, पण बाई नाकावर माशी बसू देणार नाही. आणि गंमत म्हणजे, गावभर तंबू पुरवणारी काकू स्वतः एकदाही तंबूत झोपलेली नाही.

नदीच्या दरीत न्यायचं काकांनी लग्न ठरतानाच कबूल केलं होतं. दोन्हीकडे उंच कडे, मधून हिरवं पाणी. काका लहानपणी तिथे हुंदडलेले. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणता म्हणता मुलांची लग्नं झाली, पण ते घोंगडं भिजतच राहिलं.

मग काकांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, राहायला आली आणि दरीचा विषय निघाला. रोज जेवणं उरकली की बहीणभाऊ टेबलावर नकाशा पसरायचे.

"दादा, तो पांढरा खडक आठवतो?"

"तिथेच तर तू आपटली होतीस!"

दोघं पोट धरून हसायचे आणि काकू मोरीत पातेली घासायची. पातेल्यांनी काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

"मी म्हटलं की यांची कंबर धरते," ती मला म्हणाली. "बहीण आली आणि कंबर बरी झाली! आणि त्या तर काय, बसल्या जागी चहा लागतो त्यांना. निघाल्यात कडे चढायला!"

मला हसू आलं, पण हसायची छाती नव्हती. काकूच्या पोटात खरंच दुखत होतं.

एके दिवशी काका दुकानात आले. "अगं, दोन माणसांचा हलका तंबू शिवशील?"

कोणती दोन माणसं, हे तिने विचारलं नाही. काका बोलण्यात पहिल्यापासून कंजूष, त्यांनीही सांगितलं नाही. ते गेले आणि काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. "शिवायचं मी आणि झोपायचं बहीणभावांनी!"

तरी शिवला, आणि सुरेख शिवला. शिवणींतून पाणी झिरपू नये म्हणून ती वरून मेण घासते. काका नेहमी उजवीकडे झोपतात, ती बाजू तिने दोनदा घासली. डावीकडच्या माथ्याची वीतभर शिवण मात्र कोरडी ठेवली. मी पाहिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कापडाच्या घड्या घालायला लागले.

काकूच्या दुकानाचा नियम असा, की तंबू तयार झाला की शिवणारीने आत बसायचं आणि बाहेरून पाणी ओतायचं. मागच्या अंगणात तंबू उभा राहिला. आत्या खुर्ची घेऊन बसली, काकांनी बादली उचलली. काकू आत शिरली आणि उजवीकडे सरकली.

"तिकडे कुठे?" काका म्हणाले. "ती माझी बाजू. तू डावीकडे बस, तिथेच झोपायचंय तुला."

कापड हललं, काकू डावीकडे सरकली.

"वहिनी, खालच्या वाटेने नका जाऊ हं," आत्या म्हणाली. "दादा वाट पार विसरलाय. रोज घोकून घेतेय मी त्याच्याकडून."

"म्हणजे? तुम्ही नाही येणार, वन्सं?"

"या गुडघ्यांनी? मला जिना उतरवत नाही हो. खरं सांगू? नकाशा पाहताना आतून जळते मी. फार हेवा वाटतो तुमचा."

"ओतू का?" काकांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता अख्खी बादली ओतली.

"गळतंय का गं?"

"थेंबसुद्धा नाही!" आतून आवाज आला.

काकू बाहेर आली ती डोक्यापासून पाठीपर्यंत निथळत. काका तंबूकडे बघत राहिले. आत्याने काही न विचारता खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. काकूने तो घेतला नाही. ती खुर्चीसमोर जमिनीवर, आत्याकडे पाठ करून बसली आणि ओलं डोकं तिच्यापुढे केलं.

आत्या केस पुसायला लागली.

"वन्सं," काकू खाली बघत म्हणाली, "तो पांढरा खडक नेमका कुठे आहे, ते मला परत सांगा."