थेंबताईंची बाटली

प्रयोगशाळेत त्यांना सगळे थेंबताई म्हणत. सव्वीस वर्षं थुंकीचे नमुने तपासले, पण त्यांत मिसळायच्या द्रावणाचा एक थेंब वाया घालवला असेल तर शपथ. सगळ्या नळ्यांत एकाच बाटलीतून ओतायचं आणि शेवटचा थेंब नळीच्या काठाला बाटली टेकवून झटकायचा, ही त्यांची पद्धत. नव्या मुलींनाही त्यांनीच ती शिकवली. "थेंबे थेंबे तळे साचे, बायांनो!"

त्या सोमवारी छातीचे डॉक्टर स्वतः खाली आले. "ताई, ती बाळंतीण. साध्या खोकल्यासाठी थुंकी तपासली, तो चार दिवसांत गेला. ताप नाही, एक्स-रे स्वच्छ. तुमचा रिपोर्ट म्हणतो क्षय. तीन आठवडे गोळ्या गिळतेय बिचारी. घरच्यांनी घाबरून तान्हं बाळ नणंदेकडे धाडलंय."

"माझा रिपोर्ट चुकत नाही," ताई फटकन म्हणाल्या.

ते गेल्यावर मात्र त्यांनी वही उघडली. चौदा नंबरची नळी जंतूंनी गच्च भरलेली. तो रोगी खराच होता. पंधरा, सोळा, सतरा यांत जंतूंचे जेमतेम दोन-दोन ठिपके. पुढे सगळं स्वच्छ. पंधरावी नळी बाळंतिणीची. चौदाव्या नळीच्या काठाला टेकलेलं बाटलीचं तोंड पुढच्या तिन्ही नळ्यांना टेकलं होतं. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. गोळ्या संपल्या असत्या, बाई 'बरी' झाली असती, तीन महिन्यांनी ताई हार घालून निवृत्त झाल्या असत्या. समोरचा चहा निवला. मग त्या उठल्या आणि जिना चढल्या.

"डॉक्टर, त्या तिघांना रोग मी लावलाय. कागदावर. माझं नाव घालून लिहा."

"आधी चारही नळ्या मोठ्या प्रयोगशाळेत धाडून जंतू ताडून पाहू," ते म्हणाले.

बारा दिवस ताईंना अन्न गोड लागलं नाही. मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं: चारही नळ्यांतले जंतू एकाच माणसाचे. त्याच दिवशी तिघांच्या गोळ्या थांबल्या.

ताई बाळंतिणीच्या घरी गेल्या. बाळ सकाळीच परत आलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं, हात जोडले. बाळंतिणीने रडणारं बाळ छातीशी धरलं. ते क्षणभर चोखत राहिलं, मग तोंड फिरवून आणखी जोरात रडलं.

"आता एक थेंबही येत नाही हो, ताई," ती म्हणाली.