तांब्याचं नाव

आमच्या गावात फादर महिन्यातून एकदा येत. उरलेल्या रविवारी धर्मशिक्षक प्रार्थना घेत. ते आमच्याच वस्तीतले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पत्र्याच्या देवळात ते संतांच्या गोष्टी सांगत. त्यातली एक पुन्हा पुन्हा येई. ख्रिस्ती आहे म्हणून पकडलेली एक तरुणी भांडं दाखवून बापाला विचारते, याला दुसरं नाव देता येईल का? बाप नाही म्हणतो. ती म्हणते, मग मलाही ख्रिस्ती सोडून दुसरं काही म्हणता येणार नाही. हे सांगताना मास्तर घरचा पितळी तांब्या उंच धरत.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. थोरली बहीण सातवी पास झाली. तिला शिक्षिका व्हायचं होतं आणि पुढची शाळा उस्मानाबादला होती. मागास मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच जाता येणार होतं. त्यासाठी जातीचा दाखला लागे. आई आम्हा दोघांना घेऊन कचेरीत गेली.

"जात?" कारकुनानं विचारलं.

"ख्रिस्ती," बहीण म्हणाली.

त्यानं टाक थांबवला. "अगं, येशूला जात नसती. अन् जात न्हाय तर सवलत न्हाय. हिंदू महार लिहू का? बोल लवकर."

"न्हाय. ख्रिस्तीच लिहा."

"संतीण निघाली की वो तुमची पोरगी," तो आईला म्हणाला आणि अर्ज बाजूला सारला.

गावच्या विहिरीवर आम्हाला तेव्हाही पाणी शेंदू देत नसत. तिथं आम्ही महारच होतो.

जूनमध्ये मास्तरांची मुलगी त्याच वसतिगृहात गेली. तिच्या दाखल्यावर 'हिंदू महार' होतं. तिनंच ते बहिणीला सांगितलं. तो दाखला आम्ही कचेरीत जाण्याआधीच काढलेला होता.

रविवारी प्रार्थना संपल्यावर बहिणीनं मास्तरांना गाठलं. "मास्तर, तुमच्या घरी तांब्याला काय म्हणत्यात?"

मास्तर चप्पल घालत होते. "कागद येगळा, कबुली येगळी, पोरी. मला इचारायचं व्हतंस."

"इचारायचं काय? तुमी दर खेपेला सांगतच व्हता की."

नियम अन्यायाचा होता आणि त्यांच्या मुलीचा हक्क आमच्याइतकाच खरा होता. पण ही वाट मास्तरांनी फक्त स्वतःच्या घरात सांगितली.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं. मास्तरांनी आहेरात नवा पितळी तांब्या दिला. तिनं तो सासरी नेला नाही. आई आल्यागेल्याला त्यातूनच पाणी देई. मास्तर आले तर त्यांनाही.