कोरा सोडलेला रकाना

दवाखान्यात सगळे त्यांना रकानेकाका म्हणत, आणि त्यांनीही ते नाव कुरकुर न करता चालवून घेतलं. आधीची तीस वर्षं ते एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात होते. निवृत्तीनंतर घरात बसून सुनेच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा बरं, म्हणून ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरबाईंकडे लागले. दवाखान्यामागच्या खोलीत चार कपाटं शोधनिबंधांच्या झेरॉक्स प्रतींनी गच्च भरलेली होती. कोणत्या दुखण्यावर कुठे सुया टोचल्या, किती रुग्णांना, फरक पडला की नाही, हे सगळं संगणकावर चढवायचं होतं. कुणीही दुखण्याचं नाव टाइप केलं की त्यावरचे निबंध समोर यावेत, असा बाईंचा बेत. शोधायची सोय सुनेनं करून दिली; तिचा व्यवसायच तो. निबंध वाचून रकाने भरायचे ते काकांनी.

दोन वर्षांत अकराशे निबंध चढले. काका नाकासमोर चालणारे. रुग्णांची संख्या तीनतीनदा पडताळायचे. शेवटच्या ‘निष्कर्ष’ या रकान्यापाशी मात्र त्यांचा हात अडखळायचा. फायदा झाला असं निबंधात स्वच्छ लिहिलेलं असलं की ते बिनधास्त तसं लिहीत. पण ‘फायदा दिसला नाही’ लिहायची वेळ आली की वाटायचं, आपण कोण लागून गेलो? बाईंचं सगळं आयुष्य या सुयांत गेलं, त्यांनीच बघून ठरवावं. मग रकाना कोरा राहायचा. बाहेर पेशंट बसलेले असत, त्यामुळे बाईंना विचारायचंही राहून जायचं.

एका सोमवारी थोरल्या बहिणीचा, ताईंचा फोन आला. वीस वर्षं अर्धशिशीनं त्या हैराण होत्या. त्यावर रोज एक गोळी, आणि गोळीनं दिवसभर सुस्ती.

“तुझ्या त्या यंत्रात माझं डोकं घालून बघ जरा,” त्या म्हणाल्या.

काकांनी ‘अर्धशिशी’ टाइप केलं. चौदा निबंध आले.

“चौदाच्या चौदांत फायदा,” त्यांनी जरा ऐटीतच सांगितलं.

“मग ठरलं. सुया सुरू करते आणि शुक्रवारपासून ती मेली गोळी बंद.”

“डॉक्टरांना विचार एकदा.”

“त्यांना काय विचारायचं? चौदा ठिकाणी लिहिलंय ना?”

फोन ठेवल्यावर काकांनी ती यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. त्यांना एक निबंध आठवत होता. त्यात निम्म्या रुग्णांना खऱ्या सुया दिल्या होत्या आणि निम्म्यांना खोट्या, म्हणजे कातडीला टोचतात पण आत जात नाहीत अशा. दोन्ही गटांची डोकेदुखी सारखीच कमी झाली होती. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी चढवला होता, आणि या चौदांत तो नव्हता.

संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं.

“निष्कर्ष कोरा असेल तर तो निबंध दिसतच नाही, बाबा. मला वाटलं, त्याचं काम अर्धं राहिलंय.”

“असे किती आहेत?”

तिनं दोन बटणं दाबली. “दोनशे बारा. त्यातले अर्धशिशीचे नऊ. अहो, हे काय?”

“म्हटलं, बाईंनी ठरवावं.”

“त्यांनी ठरवायचंय हे त्यांना माहीत तरी आहे का?”

काकांनी त्या नऊ निबंधांची नावं तिच्याकडून कागदावर उतरवून घेतली.

मंगळवार-बुधवार त्यांनी कपाटं उपसून ते नऊ निबंध पुन्हा वाचले. पाचांत खऱ्या-खोट्या सुयांत फरक नव्हता. दोनांत रुग्णच इतके थोडे, की काही ठरवता येत नव्हतं. उरलेल्या दोनांत चक्क फायदा होता. तो काकांच्या लक्षातच आला नव्हता. गुरुवारी दोन पेशंटांच्या मधे त्यांनी सगळा गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला आणि घडलं ते सांगितलं.

बाईंनी चष्मा लावून पानं उलटली. “हे मी सगळे वाचलेत, काका. लपवायचे असते तर कपाटात कशाला ठेवले असते?” मग त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, “माझी दया येत होती की काय तुम्हाला?”

बाईंनी गठ्ठा परत त्यांच्याकडे सरकवला.

“दोनशे बारा भरून होईपर्यंत शोध बंद ठेवा. मागच्या आठवड्यात दोन विद्यार्थी यादी घेऊन गेलेत. त्यांना आज मी कळवते. तुमच्या बहिणीला तुम्ही कळवा.”

दुपारी त्यांनी फोन लावला.

“ताई, चौदा नाहीत, तेवीस आहेत.”

“वा, वाढले की.”

“आधी ऐक तर.” त्यांनी नऊही निबंधांचं काय ते वाचून दाखवलं.

“गोळी बंद करू की नको, एवढं सांग,” ताई म्हणाल्या. “रकाने नकोत मला.”

‘तूच बघ बाई’ हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“करू नकोस,” ते म्हणाले. “सुया घ्यायच्या तर घे. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही.”

“हे तू सांगतोयस?”

“हो. मीच.”

“मग हे सोमवारी सांगायचं होतंस. उद्यापासून नकोतच म्हणून सकाळी पाकिटं कचऱ्यात टाकली मी. फोन ठेवू नकोस, खाली जाऊन बघते.”

काका रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. जिन्यावर चपला वाजल्या, मग बराच वेळ काही नाही, मग परत चपला.

“मिळाली,” ताई धापा टाकत म्हणाल्या. “वरून चहाचा चोथा लागलाय. आतल्या गोळ्या कोरड्या आहेत.”