आम्लाच्या शेडमधली इर्मट्राउट

इर्मट्राउट वेलनिट्झच्या अंगाला कुजक्या मासळीसारखा वास यायचा. आई तिचं जेवण दाराशीच वाढायची. "कपडे बाहेर काढ गं बये, बटाट्यांनाही तुझा वास लागतो!"

वास इंधनाचा होता. युद्ध चालू होतं, आणि बाल्टिक किनाऱ्यावरच्या जर्मन लष्करी तळावर विमानं पाडणाऱ्या अग्निबाणांची इंजिनं बनत होती. तिथलं इंधन आणि नायट्रिक आम्ल एकत्र आलं की काडी न लावता पेटायचं. किती चटकन पेटतं, हे थेंबाथेंबाने मोजायचं, हे इर्मट्राउटचं काम. पेटायला क्षणभर उशीर झाला, की इंजिनाच्या चिंधड्या.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात एका पिंपाची झडप निसटली. आम्लाची पिंपं हलवायला जवळच्या छळछावणीतले कैदी असत, अंगावर नुसते फाटके सुती कपडे. आम्ल एकाच्या छातीवर सांडलं. कातडी पिवळी पडून सुटायला लागली. इर्मट्राउटने पाण्याचा पाइप ओढला.

"बाई, पाणी नको!" आम्लाच्या शेडचे प्रमुख रेफेल्डसाहेब ओरडले. "पिंपात गेलं तर आम्ल नासेल!"

तिने पाणी सोडलंच. माणूस गुरासारखा हंबरत होता. रेफेल्डसाहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "किती लिटर सांडलं?"

त्या दुपारी साहेब कोबीचं सूप मिटक्या मारत प्याले. तिने आपलं सूप तसंच परत केलं.

तिसऱ्या दिवशी पिंपापाशी दुसराच कैदी होता.

"आधीचा कुठंय, साहेब?"

"बदली माणूस मिळालाय ना? मग झालं."

तिने बदली मागितली. तिला तळाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला पाठवलं. ती इंजिनं युद्ध संपेस्तोवर फुटतच राहिली.

सेहेचाळीसमध्ये रेफेल्डसाहेब युद्ध जिंकलेल्या परक्या सैन्याच्या मोटारीतून तिच्या दारात उतरले. गाल भरले होते, कोट कोरा होता.

"तुमचा हात फार स्थिर, बाई. हे लोक तेच काम पुढं चालवणार आहेत. खायची-प्यायची ददात नाही. चला."

"त्या भाजलेल्या माणसाचं नाव सांगा, येते."

"कुठला माणूस?" साहेबांनी खरंच आठवून पाहिलं.

तिला त्यांची शिसारी आली. पण नाव तिनेही कधी विचारलं नव्हतं. दार लावून ती आतल्या भिंतीला टेकली, तेव्हा स्वतःचीही किळस आली तिला.

आई आतून म्हणाली, "वेडी आहेस. घरात लोणी नाही."

"नसू दे," इर्मट्राउट म्हणाली.

पुढं बावीस वर्षं तिने बंदरावर मासे साफ केले.