तेर्स संपेपर्यंत

माहेरची माणसं अजून विचारतात, तू बाटलीस कशाला? इतकी वर्षं झाली तरी यांची तीच टकळी. मी सांगते, ताजा पाव मिळतो म्हणून. मग तोंड वाकडं करून जातात. खरं सांगायचं तर जरा बसून ऐकावं लागेल, आणि तेवढा धीर त्यांच्यातल्या एकालाही नाही.

दोडामार्गाकडून लग्न होऊन मी गोव्यात डिचोलीच्या बाजूला आले तेव्हा खाणी जोरात होत्या. नवरा खनिजाचा ट्रक चालवायचा, खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत. मये गावाच्या आतल्या अंगाला एका ख्रिस्ती विधवेच्या घरामागची खोली आम्ही भाड्याने घेतली होती. सगळीकडे तांबडी धूळ, धुतलेली कापडंसुद्धा वाळेपर्यंत तांबूस व्हायची. नवरा तसा वाईट नव्हता, असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही. वाईटच होता. संध्याकाळी पिऊन यायचा आणि मारायचा. आमटीत मीठ असलं तरी मारायचा, नसलं तरी मारायचा. पहिलं मूल पोटातच गेलं ते त्याच्या लाथेने. माहेरी सांगितलं पाय घसरून पडले म्हणून.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मला एकच ध्यास लागला. हे मूल जगायला हवं. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

चौथा महिना असेल. तो दांडा घेऊन मागे लागला तशी मी घरमालकिणीच्या मागच्या दारातून आत घुसले. तिला मी मावशी म्हणायचे. साठी उलटलेली, एकटी, मुलगा जहाजावर. दिवेलागणीची वेळ, म्हातारी आल्तारासमोर, म्हणजे त्यांच्या देवघरासमोर, गुडघ्यांवर बसून तेर्स म्हणत होती. तेर्स म्हणजे माळेचा एकेक मणी ओढत मरियेची प्रार्थना करायची. पहिला अर्धा एकाने म्हणायचा, उरलेला अर्धा बाकीच्यांनी. तिच्या घरी बाकीचे कोण होते? दोन्ही अर्धे तीच म्हणायची. तिने मान वळवली नाही, नुसती शेजारची जमीन हाताने थापटली. मी तिथे बसले.

नवरा पुढच्या दाराने आला. आता हा मला केसांना धरून ओढणार म्हणून मी पोट दोन्ही हातांनी झाकून घेतलं. तर हा उंबऱ्याबाहेरच थबकला. पायातल्या चपला काढल्या, दांडा भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसून राहिला. देवाला फार भ्यायचा तो. सकाळी ट्रक काढताना नाक्यावरच्या खुरसाला, त्या दगडी क्रुसाला, हात लावल्याशिवाय पुढे जायचा नाही. देव कुणाचाही असो, त्याच्या पुढ्यात तमाशा करायचा नाही, हे त्याच्या आईने लहानपणी त्याच्या डोक्यात घट्ट बसवलेलं. बायकोला मारू नये, तेवढं बसवायचं राहून गेलं.

म्हातारीने सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. शेवटचा मणी झाला, दाराकडे एक नजर टाकली आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू केलं. मला वाटलं बाईला विसर पडला. मी हळूच म्हटलं, "मावशी, झालं ना?"

"बस गो. उठू नाका," ती पुटपुटली आणि पुढचा मणी ओढला. तिसऱ्या खेपेला तो पायरीवरच पेंगायला लागला. तेव्हा ती थांबली.

मग हे रोजचंच झालं. दिवा लागला की मी तिच्याकडे जायचे. तो यायचा, चपला काढायचा, प्रार्थना संपायची वाट बघत बसायचा. बसून बसून कधी झोप लागायची, कधी शिव्या देत उठून जायचा. म्हातारीने मला उत्तराचा अर्धा शिकवला, तिच्या घशाला थोडी उसंत मिळावी म्हणून. कधी इगर्जीला, त्यांच्या चर्चला, चल म्हणाली नाही. एकदा मीच वैतागून म्हटलं, तुझ्या देवाला सांग की याचे हात मोडायला.

"सांगितलंय," ती म्हणाली. "तो काय ते बघेल. तोवर तू ह्यो मणी बघ."

मला राग यायचा तिचा. रोज तास-दीड तास गुडघ्यांवर बसून तीच तीच अक्षरं. पण पोटातलं पोर हलायला लागलं ते तिथेच, त्या जमिनीवर, आणि मला पहिल्यांदा वाटलं की इथे कुणीतरी आहे. म्हातारी सोडून आणखी कुणीतरी. त्या दिवसापासून मी उत्तर मनापासून द्यायला लागले.

सातव्या महिन्यात ते झालं. तो नेहमीपेक्षा जास्त पिऊन आला होता, पायरीवरून ओरडत होता की आज तुला सोडत नाही. म्हातारीला दोन दिवसांचा ताप. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर तिने पहिला अर्धा म्हटला, मी उत्तर दिलं, आणि पुढचा अर्धा आलाच नाही. मी बघितलं तर तिचं डोकं बाकाच्या कडेला टेकलेलं. मी तिचा दंड हलवला. काही नाही.

घर एकदम गप्प झालं. बाहेर तो उठून उभा राहिला.

मी काय केलं ते सांगते. मी पहिला अर्धा म्हटला. तिच्या आवाजात. तसाच चिरका, तसाच ओढत. मग माझ्या आवाजात उत्तर दिलं. पुन्हा तिच्या आवाजात, पुन्हा माझ्या. तो परत खाली बसला. तिला पाणी पाजायला हवं होतं, शेजाऱ्यांना हाक मारायला हवी होती, कुणी सायकलवरून डॉक्टरला आणलं असतं. मी यातलं काहीही केलं नाही. तिच्या हातातून लोंबणाऱ्या माळेचे मी तीस मणी ओढले. ती तेव्हा जिवंत होती की नव्हती, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला, त्यालाही मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पुढचा मणी ओढायला गेले तर माळ तिच्या बोटांत अडकलेली. बोटं थंड होती. मग माझ्याने पुढे म्हणवेना. देवाच्या समोर बसून मेलेल्या बाईचं सोंग!

"झालं?" त्याने बाहेरून विचारलं.

"मावशी मेली," मी म्हटलं. "मी घरी येत नाही. तू जा."

जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं. तो आत आला, अनवाणी, आणि कानाखाली अशी दिली की तो कान अजून नीट ऐकत नाही. पुन्हा हात उचलला तेव्हा त्याला म्हातारीचा चेहरा दिसला. त्याने तोच हात दुसऱ्या हाताला जोडून तिला नमस्कार केला, बाहेर गेला आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून तिच्या मरणालाही आला मेला. तिथूनच पाद्रीबाबने मला मादरींच्या, म्हणजे नन्सच्या, घरी पाठवून दिलं. मुलगी तिथे जन्मली. धडधाकट.

दोन वर्षांनी मी बाप्तिस्मा घेतला. आणि मग पहिलं कुमसार, म्हणजे पाद्रीबाबपुढे पापं कबूल करायची. नव्या ख्रिस्तावाची बाप्तिस्म्याआधीची सगळी पापं धुतली जातात, ती सांगायची गरज नाही, असं मादरींनी शिकवलं होतं. मी तरी सांगितलं. ते तीस मणी सांगितले, दोन्ही आवाज सांगितले. जाळीपलीकडचा म्हातारा पाद्री शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, देव क्षमा करतो. प्रायश्चित्त म्हणून एक तेर्स म्हण.

मला रडूच फुटलं. म्हटलं, "पाद्रीबाब, दुसरं काहीही सांगा. जन्मभर इगर्जीची फरशी पुसते. पण हे नको. एकटीने म्हणायचं तर दोन्ही आवाज पुन्हा मलाच काढावे लागतील."

मग जाळीपलीकडचं दार करकरलं. तो बाहेर आला, दुखऱ्या गुडघ्याला हाताचा आधार देत माझ्या शेजारी बसला आणि पहिला अर्धा म्हणून थांबला. त्याने तो पुन्हा म्हटला आणि पुन्हा थांबला. तिसऱ्या वेळी मी उत्तर दिलं.