रिंगचे दाते

आमचा ट्रक जुना. अंधेरीतल्या लोकांची घरं शिफ्ट करायचं काम बाबा आणि काका त्याच्यावर करत. काका बाबांचे धाकटे भाऊ. पुढे त्यांनी मुलुंडला सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. बाबांना ते लागलं. धंदा दोघांनी मिळून उभा केला होता, असं ते आईला एकदाच म्हणाले आणि त्यानंतर भावाशी बोलणंच बंद झालं.

मग काही वर्षांनी एके दिवशी सकाळी ट्रकचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जळाला. बाबांनी जुना भंगारात दिला आणि ट्रकचं मॉडेल सांगून नवा आणला. तो लावून चावी फिरवली तर नुसता खरखराट. इंजिन हलेना. मेकॅनिकने सेल्फ उतरवला, भोकातून आत टॉर्च मारला आणि म्हणाला, सेल्फ इंजिनाच्या चाकाची, फ्लायव्हीलची, जी दातेरी रिंग फिरवतो ती मूळची नाही, हिचे दाते बारीक आहेत. कुठल्या गाडीची आहे ते कळल्याशिवाय सेल्फ आणू नका, नाहीतर रिंगचीच वाट लागेल.

फ्लायव्हील बदललं होतं काकांनी. मी म्हटलं, त्यांना विचारू या. बाबा ट्रकच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मग माझ्यापुढे हात केला. मी नंबर लावून फोन दिला.

"सेल्फ रिंगेत बसना नाय," बाबा म्हणाले. "ती रिंग खंयच्या गाडीची?"

इतक्या वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य हे. खुशाली नाही, काही नाही.

"थांब दादा," काका म्हणाले. "मीच येतंय."

दुपारी ते आले, नोकरीच्या खाकी कपड्यांतच. फ्लायव्हील देवनारला तोडायला आलेल्या एका गाडीचं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं; गाडीचं मॉडेल आणि रिंगच्या दात्यांचा आकडाही त्यांनी सांगितला. बाबांचा विश्वास बसेना. मोजूनच बघू म्हणाले. एका दात्यावर खडूची खूण केली. काका पुढून पाना लावून इंजिन हळूहळू फिरवत होते, बाबा भोकाशी डोळा लावून दाते मोजत होते. मध्येच काकांनी कुणाच्या तरी कपाटाची आठवण काढली, जिन्यात अडकलेल्या. बाबा हसले आणि आकडा चुकले. पुन्हा पहिल्यापासून.

काकांचंच खरं निघालं. दोघं मिळून घाटकोपरला गेले आणि त्या गाडीचा सेल्फ घेऊन आले. बसवल्यावर बाबांनी चावी काकांच्या हातात दिली. इंजिन एका दमात सुरू झालं. मी बाबांकडे पाहिलं, तर ते उगाचच टायरवर हात फिरवत होते. आईने तोवर काकांच्या वाटणीचाही भात लावला होता.

ट्रक नंतर विकला. आता दोघंही गावी असतात. मी बाबांना फोन करते तेव्हा मागून काकांचा आवाज येत असतो. कुठल्या तरी जुन्या फेरीवरून वाद चाललेला असतो आणि बाबा मला म्हणतात, जरा थांब गं, ह्याला आधी सांगतो.