बसऱ्याला गेलेला कप

दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात सांगलीला आमच्या घरी बसऱ्याहून पाहुणा आला. बसऱ्याहून! मी नवी सून, बसरा इराकात आहे हेही मला ठाऊक नव्हतं…

मामंजींची हळदीची अडत होती. लढाईत बोटी बंद, माल पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, अडकून पडलेला. हळद घ्यायला आलेल्या या पाहुण्याशी सौदा जमला नाही तर दुकान बंद करायचं असं ठरलं होतं.

पाहुण्याला आणलं होतं उस्मानचाचांनी. पहिल्या लढाईत ते फौजेबरोबर बसऱ्याला राहून आलेले, तिथल्या ओळखी अजून धरून होते, अरबी बोलायचे. आमच्या दुकानात ते वजनकाटा सांभाळत.

ओसरीच्या कोनाड्यात चिनी मातीचे दोन कप असत. आमच्या भांड्यांना ज्यांचा हात लागलेला चालत नसे, त्यांच्यासाठी. त्या दिवशी चहा मीच ओतला… मामंजींना पितळी पेला, पाहुण्याला आणि चाचांना ते कप. हात जरासुद्धा अडखळला नाही माझा.

पाहुणा कपाकडे बघून काहीतरी बोलला. चाचा मामंजींना म्हणाले, “शेटजी, पाव्हणं इचारत्यात, तुमचा पेला पितळंचा, मग आमा दोगांचंच कप येगळं का?”

मामंजींनी मान खाली घातली. मी दाराआडून ऐकत होते. मग चाचाच अरबीत काहीतरी बोलले आणि पाहुण्याचा चेहरा खुलला. छातीवर हात ठेवून तो मामंजींपुढे वाकला.

“उस्मान, काय सांगितलंस?” मामंजी पुटपुटले.

“म्हनलं, ह्या घरात चांगला कप पाव्हण्याला देत्यात. सोता पितळंवर भागवत्यात.”

सौदा झाला. पाहुण्याने तो कप आठवण म्हणून मागून नेला आणि पुढे बोटीने सोनेरी काठाचे काचेचे पेले पाठवले. सासूबाईंनी ते कपाटात मांडले, आल्यागेल्याला दाखवायला. चाचांना चहा मात्र उरलेल्या कपातच… आणि ओतणारी मीच.

एका सकाळी मला ते सहन होईना. कप मोरीत आपटला आणि चाचांना बसऱ्याच्या पेल्यात चहा दिला. सासूबाईंनी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला.

“सूनबाई, माजा कप कुटं गेला?” चाचांनी त्या सकाळी विचारलं.

“फुटला.”

“लय दिस टिकला म्हनायचा,” एवढंच म्हणून चाचांनी चहा संपवला.

त्यानंतर वर्षानुवर्षं आमची हळद बोटीने जात राहिली. आमचं बघून बाजारातल्या इतरांनीही माल बाहेर धाडला, हमालांना काम मिळालं. परदेशाशी नातं जोडलं की गावाचं भलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण रोज दारात येणाऱ्या माणसाला आपल्यासारखाच पेला द्यावा, एवढं कळायला मला समुद्रापलीकडचा पाहुणा यावा लागला… नव्वदी उलटली तरी त्याची लाज जात नाही. चाचा, तुमचे आभार तुमच्या तोंडावर मानायचं माझं कधी धाडस झालं नाही. ते आज इथे, सगळ्यांसमोर मानते.